नक्कल कशासाठी हवी?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

२००६ च्या जानेवारीत एक इंग्रज जोडपं बडनेऱ्याला आलं होतं. दोघंही साठीच्या पुढचे. स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ते ज्याला त्याला काहीतरी विचारत होते आणि कुणालाच काही उमगत नव्हतं. शेवटी एका रिक्षावाल्यानं त्यांना उचलून आमच्या शाळेत आणून सोडलं. 'बाई इंग्रजी शिकवतात, त्या सांगतील,' असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी दहावीचा तास घेत होते. शिपाई धावत आला, म्हणाला, 'बाई, गोरे लोक आले.' तास तिथंच संपला हे सांगायला नको.

त्या बाईंच्या हातात एक जाडजूड फाइल होती. त्यांचे पणजोबा जी.आय.पी. रेल्वेत गार्ड होते आणि त्यांची आजी इथं, बडनेऱ्यात, जन्मली होती. ते क्वार्टर, निदान ती जागा, त्यांना डोळ्यांनी पाहायची होती. बडनेऱ्याला इंग्रज कुटुंब राहत होतं याचं आपल्याकडच्या जुन्या माणसांना नवल वाटत नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि त्या वाटेवरचं बडनेरा हे अमरावतीच्या कापसाचं दार झालं. गार्ड, ड्रायव्हर, फिटर, असे कितीतरी साहेब तेव्हा इथं राहिले. मोठे साहेब नव्हेत, पोटासाठी आलेले साधे लोक.

मी त्यांना दिवसभर घेऊन हिंडले. तसं सापडलं काहीच नाही. चिंचेचं एक जुनं झाड आणि एक पडकी भिंत यांचे फोटो त्यांनी काढले, आणि त्यावरही त्या समाधानी दिसल्या. संध्याकाळी घरी चहाला बसलो तेव्हा त्यांनी फाइल उघडली. आजीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची प्रत होती. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती त्या काळी लंडनला पाठवल्या जात. त्या आज तिथल्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्या नोंदीवरून गार्डसाहेबांचं गाव, गावावरून तिथल्या चर्चची वही, वहीतून बाप, आजा, पणजा, असं करत करत त्या नऊ पिढ्या मागं गेल्या होत्या. सगळे शेतमजूर, लोहार, एखादा सुतार. राजे-उमराव कुणी नाही.

मग त्यांनी मला विचारलं, 'आणि तुमचं घराणं? तुम्ही तर इथल्याच. तुमचं सोपं असेल.'

मी बोटं मोजली. बाबा. बाबांचे बाबा, म्हणजे आमचे आबाजी. आबाजींचे वडील, त्यांचं नाव ठाऊक, कारण ते आबाजींच्या नावापुढं लागायचं. पुढं बोट हललं नाही. आबाजींच्या आईचं तर नावही मला ठाऊक नव्हतं. तिचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे, आणि त्याला कारण होतं.

आबाजी चुलत्याकडे वाढले. वडील लहानपणीच वारले. आणि आई? आई 'गेली' एवढंच बोललं जायचं. मेली नव्हे, गेली. नवरा वारल्यावर महिन्याच्या आत पोराला सासरी टाकून ती निघून गेली, तिनं कुठंतरी पाट लावला, दुसरं घर केलं. चुलतीनं आबाजींना लहानपणी हे बोलून दाखवलं होतं, 'तुझी माय तुले टाकून गेली.' आबाजी सत्त्याऐंशी वर्षं जगले. शेती केली, दोन मुलं शिकवली, कुणाशी भांडले नाहीत. पण पितृपक्षात आईच्या नावानं कधी पान वाढलं नाही. एकदा माझ्या आजीनं विषय काढला तर ताटावरून उठले. 'तिचं नाव कायले काढता?' एवढंच म्हणाले. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. ते उठलेलं ताट मला अजून दिसतं.

तर इंग्रज बाई गेल्या, त्यांचं आभाराचं पत्र आलं, आणि मीही ते सगळं विसरून गेले. माणूस विसरतोच. आठवण करून दिली ती सरकारनं.

२०१० साली माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला, प्रवेशासाठी जातपडताळणी करावी लागली. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना मी काय सांगू! वंशावळीचं प्रतिज्ञापत्र हवं, आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा. जितका जुना तितका बरा. दादाला नोकरीतून सुटी नाही, मी नुकतीच निवृत्त झालेली. काम माझ्याकडे आलं. सासरी थोडी कुजबुज झाली, की बाई माहेरचं खोदकाम करायला निघाल्या. पण माझं सासर बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत आणि माहेर जुन्या वस्तीत. मधे रेल्वेचे रूळ आहेत, तेवढाच काय तो दुरावा.

पहिल्यांदा शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. आबाजींचं नाव मिळालं, जात मिळाली, जन्मतारीख मिळाली आणि पालकाच्या रकान्यात 'काका'. मग तहसीलचा अभिलेख कक्ष. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, वाळवीचा वास, आणि पान उलटलं की कोपरा हातात. आपल्याकडे जन्ममृत्यूच्या ज्या जुन्या वह्या आहेत त्यांना वऱ्हाडात सरसकट कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, हे कोतवालानं सांगायचं आणि ते वहीत चढायचं. वंशावळ जपावी म्हणून काही हे कुणी केलं नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. पुढं पटकी, देवी, ताप यांत किती माणसं दगावतात ते सरकारला मोजायचं होतं, म्हणून वह्या सुरू झाल्या. त्यामुळं त्यांना मेलेल्या माणसाचं कारण हवं असे, पण जन्मलेल्या मुलाचं नाव नको असे. मूल जन्मलं त्या आठवड्यात नोंद व्हायची, बारसं व्हायच्या आधी. म्हणून आबाजींच्या जन्माची नोंद अशी आहे, की अमुक वल्द तमुक यास मुलगा झाला. बस्स. तो मुलगा म्हणजे आबाजी हे आपण ओळखायचं. आणि शाळेतल्या तारखेत आणि या तारखेत चांगला सव्वा वर्षाचा फरक!

याचं मला आश्चर्य वाटलं नाही. माझ्या पिढीत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जुलैला असायचा, कारण मास्तरांना तीच तारीख सोयीची. शेक्सपिअर मी तीस वर्षं शिकवला. त्याचा जन्म २३ एप्रिलचा असं आपण पोरांकडून पाठ करून घेतो, पण तसा कागद कुठंच नाही. स्ट्रॅटफर्डच्या चर्चच्या वहीत आहे तो २६ एप्रिल १५६४ चा बाप्तिस्मा. चर्चला जन्माशी काही घेणं नव्हतं, पाणी शिंपडल्याशी होतं. म्हणून त्यांनी ते लिहिलं.

या चर्चच्या वह्यांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं १५३८ साली हुकूम काढला, की प्रत्येक गावच्या पाद्र्यानं आठवड्याचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत लिहावीत. लोकांना वाटलं, हा नव्या पट्टीचा डाव आहे. आता बारशालाही कर बसणार! आपल्याकडे शिरगणतीच्या वेळी लोक पोरं लपवत, तसंच म्हणा. पण वह्या टिकल्या. सरकारी जन्मनोंदणी तिथं १८३७ मध्ये सुरू झाली, त्याच्या आधीची तीनशे वर्षं या वह्याच बोलतात. मेजवानीत राजाच्या शेजारी बसणाऱ्याची नोंद आणि गोठा झाडणाऱ्याची नोंद एकाच पानावर.

दुसरा आधार मृत्युपत्रांचा. माणूस मेला की त्याचं मृत्युपत्र चर्चच्या न्यायालयात सिद्ध करावं लागे. १८५८ पासून ते काम सरकारी न्यायालयाकडे आलं. त्याची प्रत राहायची. मृत्युपत्रात माणूस आपली माणसं मोजतो. मोठ्याला शेत, धाकट्याला गाय, लेकीला भांडी. शेक्सपिअरच्या आईचं माहेर आपल्याला कळतं ते तिच्या बापाच्या १५५६ सालच्या मृत्युपत्रातून. त्यानं या धाकट्या लेकीच्या नावानं जमीन ठेवली. आणि खुद्द शेक्सपिअरनं १६१६ साली बायकोला आपला दुय्यम पलंग ठेवला, त्यावर विद्वान अजून वाद घालतात. पलंग का दिला ते सोडा. तिचा उल्लेख झाला. आपल्याकडे आजेसासूचा पलंग कुणी लिहून ठेवलाय?

आपल्याकडे मृत्युपत्र करणारे थोडे. शेतकऱ्याच्या घरी वारसाचा कागद म्हणजे फेरफार. तोही मी काढला. पणजोबा मयत, वारस अज्ञान मुलगा, अ.पा.क. चुलता. हे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ज्यांच्याकडे सातबारा आहे त्यांना ठाऊक असेल, हा शेरा एकदा लागला की सहसा निघत नाही. आबाजी स्वतः आजोबा झाले तेव्हाही कागदावर अज्ञानच होते! अलीकडे, २०२५ मध्ये, सरकारनं 'जिवंत सातबारा' मोहीम घेऊन मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावली, तेव्हा अनेक घरांतले असे जुने घोळ वर आले. आमच्या फेरफारात विधवेचं नाव नव्हतं. मी म्हटलं, बरोबरच आहे. गेलेल्या बाईचं नाव कोण लावणार?

भाचीचं काम झालं. कोतवाल बुकात पणजोबांचा मृत्यूही सापडला. ऑक्टोबर १९१८, दुसरा आठवडा, कारण 'ताप'. ते पान मी कधी विसरणार नाही. एरवी एका पानावर कितीतरी दिवस मावतात. त्या महिन्यात एक दिवस पानभर पसरला होता आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. पुढं पुढं लिहिणारा कंटाळून नुसती खूण करत गेलेला. हा इन्फ्लुएन्झा. मुंबई बंदरातून रेल्वेच्या रुळांवरून तो देशभर पसरला आणि मध्य प्रांत-वऱ्हाडाला त्यानं फार झोडपलं. जंक्शनच्या गावात तो गाडीतून उतरूनच आला म्हणायचा.

त्या पानांवर मी पणजीलाही शोधलं. नाव ठाऊक नाही, पण नवऱ्याचं नाव असतं. आपल्याकडच्या जुन्या कागदांत पुरुषाच्या नावामागं 'वल्द' आणि बापाचं नाव, सुवाशिणीच्या मागं 'जौजे' आणि नवऱ्याचं नाव, विधवेच्या मागं 'बेवा'. पणजोबांच्या नावाची जौजे नाही, बेवा नाही. नोव्हेंबर नाही, डिसेंबर नाही, पुढची दोन वर्षं नाही. म्हणजे ती या गावात मेली नव्हती. घरातली गोष्ट खरीच होती. मी वही मिटली.

२०१२ साली बाबांच्या मागं दादा आणि मी त्र्यंबकेश्वरला गेलो. तिथल्या तीर्थोपाध्यायांनी पहिला प्रश्न विचारला, 'गाव? आडनाव?' आणि दहा मिनिटांत वही समोर. नामावळ्या गावावार आणि आडनाववार लावलेल्या असतात. जो यात्रेकरू येतो तो आपलं, बापाचं, आजाचं, भावांचं, मुलांचं नाव सांगतो आणि खाली सही किंवा अंगठा. ही वही सरकारची नाही आणि तिला मरणाचं कारणही नको असतं. तिला पुढच्या पिढीचा यजमान ओळखता यायला हवा. हरिद्वारच्या अशा वह्यांची तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेनं मायक्रोफिल्म करून नेली. आपण मात्र त्यांच्याकडे फक्त दक्षिणा देण्यापुरतं पाहतो.

आमच्या पानावर आबाजींच्या चुलत्याचा अंगठा होता. १९२३ साल. थोरला भाऊ मयत. पुतण्या एक, हयात. आणि मधल्या ओळीत, भावजय मयत. पुढं तिचं नाव. त्यापुढं 'माहेर बडनेरे'.

मी दादाकडे पाहिलं, दादानं माझ्याकडे. चुलत्यानं तिला मेलेल्यांत मोजलं होतं. पिंड दिला होता. ज्या घरात ती 'टाकून गेली' असं पोराला सांगितलं जात होतं, त्याच घराच्या कर्त्या पुरुषानं गोदावरीच्या उगमाशी जाऊन तिच्या नावानं तीळपाणी सोडलं होतं. आणि घरी आल्यावर बोलला नाही. का बोलला नाही?

मी त्या रात्री झोपले नाही. पण दुसऱ्या दिवशी डोकं चालायला लागलं आणि शंका आली. पाट लावलेली बाईही पाच वर्षांत मरू शकते. एका शब्दावरून निकाल द्यायचा नाही. शिवाय माहेर बडनेरे? ती इथलीच, तर मरणाची नोंद इथं का नाही?

या कोड्यात दोन वर्षं गेली. मधल्या काळात मी मोडी शिकले, म्हणजे शिकायचा प्रयत्न केला. मोडी ही पळती लिपी. बोरू उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही, ऱ्हस्वदीर्घ पाहायचं नाही. इंग्रजांचीही एक मोडी आहे, त्यांच्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या वह्यांतलं सेक्रेटरी हँड नावाचं वळण. आजचा इंग्रज ते वाचताना आपल्यासारखाच डोळे बारीक करतो. त्यांचं साल तर १७५२ पर्यंत २५ मार्चला बदलायचं. फेब्रुवारीत जन्मलेल्या पोराचं वर्ष कागदावर एकनं मागं. आपल्याकडे जुन्या कागदांत फसली साल येतं, त्यात पाचशे नव्वद मिळवा की इसवी सन जवळपास मिळतो. या अशा गोष्टी कळायला लागल्या की कागदाची भीती जाते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा कोतवाल बुकं एकदम वर्तमानपत्रांत आली आणि मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. माझ्याकडेही तीन-चार जण आले. मी त्यांना सांगितलं, मी जेमतेम पास होणारी विद्यार्थिनी आहे.

पण जेमतेम पासलाही एक दिवस उजाडतो. एका सरावाच्या कागदावर घाईच्या हातानं लिहिलेला एक शब्द मी ब धरून वाचत होते आणि आमचे शिकवणारे म्हणाले, 'व आहे तो. पोट भरलंय की नाही ते बघा.' मी कागद ठेवला आणि घरी येऊन त्र्यंबकच्या पानाचा फोटो काढला. बडनेरे नव्हतंच ते. वडनेरे होतं.

आता आपल्या भागात वडनेर किती! दर्यापूर तालुक्यात वडनेर गंगाई, बुलडाण्याकडे नांदुऱ्याजवळ वडनेर भोलजी. आणि आपलं बडनेरा, त्याला जुन्या गॅझेटिअरमध्ये बडनेरा बीबी म्हटलंय, कारण अहमदनगरच्या निजामशाही राजकन्येला ते आंदण दिलं होतं म्हणतात. म्हणजे हे टोपणपद मुळात एकसारख्या नावांचा घोळ होऊ नये म्हणूनच लागत असणार. तरी मी त्यात पडलेच.

सोयरीक जवळच्यात होते, म्हणून आधी दर्यापूर धरलं. दर्यापूरला जाताना एक विचार मनात घोळत होता. १९१८ साली बडनेऱ्याहून वडनेर गंगाईला कसं जात असतील? इथून मोठ्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून अचलपूरची छोटी गाडी, आपली शकुंतला. ती दर्यापूरला बनोसा स्टेशनावर थांबायची. पुढं बैलगाडी. आता काही वर्षांपासून ती गाडीच बंद आहे, मी एसटीनं गेले.

वही सापडायला तीन खेपा लागल्या. पहिल्यांदा ज्या कक्षाची किल्ली हवी तो माणूस रजेवर. दुसऱ्यांदा वही निघाली ती १९२० ची. तिसऱ्यांदा एका तरुण कारकुनानं स्वतः शिडी लावून गठ्ठा काढून दिला, आणि वर फॅन बंद केला, पानं उडतील म्हणून. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

ऑक्टोबर १९१८ चा शेवट. तिचं नाव, मागं 'बेवा' आणि आमच्या पणजोबांचं नाव, राहणार बडनेरे, उमर पंचवीस, ताप. इथंही व की ब हे मी चारदा पाहिलं. ब होता.

त्याच्या वरच्या ओळींत, सहा दिवस आधी, एक म्हातारा माणूस. पुढं कागद जुळवल्यावर कळलं, तो तिचा बाप. दोन ओळी खाली तिचा भाऊ. आणि त्यानंतर चार दिवसांनी, 'बेवा' असा उल्लेख करून तिच्याच नावाखाली एक मुलगी. नाव नाही. उमर दीड वर्ष. ताप.

आबाजींना बहीण होती. हे आमच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. आबाजींनाही नसावं. किंवा असेल, पाच वर्षांच्या पोराला किती आठवतं?

मग सगळं समोर मांडून पाहिलं. नवरा गेला. बाप आजारी असल्याचा निरोप आला असेल, किंवा हिलाच माहेरी जावंसं वाटलं असेल. मुलगा वंशाचा, तो सासरी ठेवून घेतला, किंवा तिनंच ठेवला, आजारी घरात कशाला न्यायचा म्हणून. अंगावरची पोर बरोबर. महिना संपायच्या आत ती, पोर, बाप, भाऊ, चौघंही गेले. माहेरात निरोप घेऊन यायला माणूस उरला नाही. निरोप मागाहून केव्हातरी आला असणार, कारण १९२३ पर्यंत चुलत्याला तो मिळालेला होता. पण तोवर 'गेली ती गेली' ही गोष्ट घरात रुळली होती. रुळलेली गोष्ट मोडायला कुणी तरी बसून पोराला जवळ घेऊन सांगावं लागतं. त्या महिन्यात गावात इतकी माणसं मेली होती, की कुणी कुणाला काय सांगणार? चुलती खोटं बोलली असं मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही. तिच्याही दोन मुलांची नावं मला नंतर बडनेऱ्याच्या त्याच पानावर सापडली.

चुलत्याचं मात्र मला अजून उमगत नाही. तो जाऊन पिंड देऊन आला. परत येऊन दहा वर्षांच्या पुतण्याला एक वाक्य सांगायला काय हरकत होती? दादा म्हणतो, पुरुष माणसं तशीच असतात. हे काही उत्तर नव्हे.

हे कोर्टात टिकेल का, मला माहीत नाही. एकाच नावाची माणसं गावोगाव असतात. पण नवऱ्याचं नाव, जात, वय, 'राहणार बडनेरे' आणि त्र्यंबकच्या वहीतलं तिचं नाव नि माहेर, हे सगळं एका ठिकाणी जुळून आलं. फाइलवाल्या इंग्रज बाईंना मी पत्रानं कळवलं. त्यांनी उत्तरात विचारलं, तुमच्याकडे स्त्रियांच्या नोंदी सापडणं कठीण, मग तुम्ही कसं केलं? मी लिहिलं, कठीण आहेच. त्यांच्या वह्यांत सून आपलं माहेरचं आडनाव लग्नाच्या पानावर तरी ठेवून जाते. आमच्याकडे लग्नाची वही नव्हती आणि कित्येक घरी सुनेचं पाळण्यातलं नावही बदलत. ती सापडते ती नवऱ्याच्या नावामागून, नाहीतर मरणाच्या रकान्यात. म्हणून आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना आजच विचारा, हे मी भेटेल त्याला सांगते. त्यांचं माहेरचं नाव काय, आईचं गाव कोणतं, लहानपणी कोण गेलं. वहीपाशी नंतर जा. वही फक्त विचारलेल्याचं उत्तर देते.

पणजीचं नाव मी इथं सांगत नाही. ते आता घरात घेतलं जातं, तेवढं पुरे. त्या वर्षीच्या सर्वपित्रीला दादानं आबाजींच्या पानाशेजारी तिचं पान मांडलं आणि मग वहिनी आत गेली, अजून एक वाटी घेऊन आली आणि काही न बोलता त्या पानावर दूध-भात ठेवला. दीड वर्षाची होती ना.

एक राहिलं. दर्यापूरला त्या दिवशी मी नकलेचा अर्ज भरत होते. कोर्ट फीचं तिकीट लावलं, साल लिहिलं, गाव लिहिलं. खाली रकाना होता, 'नक्कल कशासाठी हवी?' भाचीच्या वेळी मी न अडखळता 'जातपडताळणीसाठी' लिहिलं होतं. आता पेन थांबलं. मी बराच वेळ बसून राहिले आणि शेवटी लिहिलं, 'घरी सांगण्यासाठी.'

तो तरुण कारकून अर्ज वाचून हसला नाही. म्हणाला, 'बाई, जातीचं काम तं नाही ना हे? मंग हे कारण चालत नाही. साहेब सही करनार नाहीत.' त्यानं माझ्या हातातलं पेन घेतलं, माझं लिहिलेलं एका रेघेनं खोडलं, आणि वर नीट अक्षरात लिहिलं, 'खासगी कामाकरिता.' मग म्हणाला, 'चार वाजता या.'